तीन बर्नरचा गॅस ग्रिल: काही महिन्यांच्या वापरानंतर, सुरक्षिततेच्या अंगाने

ग्रिल घेताना बहुतेक लोक बर्नर किती, जाळी बिडाची की स्टीलची, झाकणावर थर्मामीटर आहे का, एवढंच बघतात. या सगळ्याने स्वयंपाक सोपा होतो, नाही असं नाही. पण बरेच महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की गॅस ग्रिल आधी वाकून खालून बघावा. चरबी जमा होणारा ट्रे कुठून निघतो, गॅसची नळी कुठून जाते आणि सिलिंडरच्या कप्प्याचा तळ उघडा आहे की बंद, या तीन गोष्टींवर तुमची दाढी-भुवया शाबूत राहणार की नाही ते ठरतं.

माझ्या ग्रिलचा ट्रे मागच्या बाजूने, एका हाताने ओढून बाहेर येतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी याला चांगले गुण देईन. मांस भाजताना सुटलेली चरबी आणि मसाल्यातलं तेल बर्नरवरच्या पत्र्यांवरून ओघळत खाली येतं. थोडं जळून जातं, उरलेलं ट्रेमध्ये आणि त्याआधीच्या उतारावर थिजतं. दोन-तीन वेळा वापरून साफ केलं नाही की बोट रुतेल एवढा काळा चिकट थर होतो. नंतर कधीतरी तिन्ही बर्नर मोठे करून झाकण लावलं की हाच थर पेट घेतो. आधी झाकणाच्या फटीतून दाट पांढरट धूर येऊ लागतो. खमंग वासाचा नाही, करपट तेलाचा. तो दिसला की गॅस बंद करायचा, मग बाकीचा विचार.

जाळीवर अधूनमधून उठणारा भडका वेगळा. तो वरच्या थेंबांचा असतो, चिमट्याने तुकडा बाजूला सरकवला की बसतो. गॅस बंद करूनही खालून ज्वाळा येत राहिल्या तर ती चरबीची आग. तेव्हा सगळे नॉब बंद, हात सुरक्षितपणे पोचत असेल तर सिलिंडरही बंद, आणि झाकण लावलेलंच ठेवायचं. आटोक्यात येत नसेल तर लांब व्हायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. पाणी मात्र चुकूनही नाही. पाण्याची वाफ होताना ते सतराशेपट फुगतं आणि पेटलेलं तेल चहूकडे उडवतं. कोरड्या पावडरचा अग्निशामक मी ग्रिलपासून चार पावलांवर ठेवतो, खालच्या कप्प्यात नाही. आग लागल्यावर आगीतच हात घालून तो काढणार का?

सिलिंडर बदलला की साबणाची चाचणी करतोच. भांडी घासायचा साबण आणि पाणी निम्मं-निम्मं, जुन्या ब्रशने रेग्युलेटरच्या सांध्यावर आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावायचं. नॉब बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बघत राहायचं. गळती असेल तर मोठे फुगे येतातच असं नाही. सांध्याच्या आट्यांच्या कडेला बारीक पांढरा फेस हळूहळू वर चढतो, तोच खरा. काडी पेटवून बघणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लांब उभा राहतो. वासावरही विसंबू नये. एलपीजीला मुळात वास नसतो, मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळून तो दिलेला असतो, आणि उघड्यावर वारा तो उडवून नेतो. गॅस मात्र खाली साचतो: एलपीजीतला प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. म्हणून कप्प्याचा तळ उघडा हवा आणि जोडीचा भरलेला सिलिंडर तिथे कोंबू नये.

पेटवताना झाकण उघडं. प्रोपेन हवेत दोन टक्क्यांच्या आसपास असला तरी पेटतो, म्हणजे बंद झाकणाखाली काही सेकंदांचा गॅसही पुरतो. माझा इग्निटर, म्हणजे ठिणगी पाडणारं बटण, दमट हवेत नुसता टकटक करतो. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद, पाच मिनिटं झाकण उघडं, मग लांब दांड्याचा लायटर.

‘ज्योत मोठीच होत नाही’ म्हणून कित्येक जण याच प्रकारच्या ग्रिलला एक तारा देतात. त्यांनी आधी हे करून बघावं. बऱ्याच रेग्युलेटरमध्ये नळी फाटली तर गॅस रोखणारी सोय असते. नॉब उघडे असताना किंवा झटक्यात सिलिंडर उघडला तर तिला नळी फाटल्यासारखंच वाटतं आणि ती गॅस आवळते. सगळं बंद करा, रेग्युलेटर काढून थोडा वेळ थांबा, परत लावून व्हॉल्व्ह सावकाश उघडा. बहुतेकदा यंत्र ठणठणीत निघतं.

ज्योत पिवळी, लोळणारी दिसली तर मात्र कारण दुसरं. ग्रिल काही आठवडे झाकून ठेवला होता, तेव्हा एका बर्नरच्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं निघालं. पांढरं, कापसासारखं, बाहेरून दिसत नव्हतं. तिथे हवा-गॅस मिसळायचं अडलं की गॅस मागे फिरतो आणि ज्योत नॉबपाशी निघू शकते. बाटली धुवायच्या लांब ब्रशने नळ्या साफ केल्या, ज्योत पुन्हा निळी झाली.

जाळीसाठी सोबत मिळालेला तारेचा ब्रश मी वापरत नाही. त्याची सुटलेली तार जाळीला चिकटून घासातून घशात किंवा आतड्यात गेल्याच्या घटना अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये नोंदवल्यात. लाकडी खरवडणी वेळ खाते, पण भागतं.

बाकी नेहमीचंच. भिंतीपासून तीन मीटर लांब. बाल्कनीत, गॅरेजमध्ये, तंबूत नाही, कारण तिथे आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका. वारा ग्रिलच्या मागून येत असेल तर ग्रिल वळवा, नाहीतर गरम झोत समोर येऊन नॉब हात लावू देत नाहीत.

तक्रारी दोन. चारपैकी दोनच चाकं लॉक होतात, आणि नळी अडकवायला क्लिप दिलेली नाही, त्यामुळे ती ट्रेच्या तापलेल्या बुडाला टेकते. मी धातूची क्लिप लावून घेतली, पण हे काम बनवणाऱ्यांचं होतं. तीन बर्नर घ्यायचेच असतील तर ट्रे धुवायची जागा आधी बघून ठेवा. माझा ट्रे बेसिनमध्ये मावत नाही, आणि ज्यांना दर खेपेला तो बाहेर नेऊन घासायचा कंटाळा येणार आहे, त्यांनी सरळ दोन बर्नरचा लहान ग्रिल घ्यावा.