नंबरवाली थाळी की काउंटरवरचा टाको? अमेरिकेतल्या छोट्या गावात दुपारचं मेक्सिकन जेवण

अमेरिकेत गाडीने लांब निघालात आणि दुपारी एखाद्या छोट्या गावात भूक लागली, तर बर्गरची दुकानं सोडल्यास बहुतेक वेळा मेक्सिकन हॉटेलच सापडतं. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक मुख्य रस्त्यावरचं मोठं हॉटेल: भडक रंगांच्या खुर्च्या, लांबलचक मेनू आणि त्यात नंबर घातलेल्या थाळ्या. दुसरी टाकेरिया, म्हणजे टाकोचं छोटं दुकान: किराणा दुकानाच्या मागच्या भागात नाहीतर बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या जागेत, चार टेबलं, एक काउंटर आणि टीव्हीवर फुटबॉल.

गाडीतले सगळे मांसाहारी असतील तर फार विचार करू नका, टाकेरियात शिरा. टाको म्हणजे मक्याच्या दोन छोट्या टॉर्टिया (पातळ पोळ्या) एकावर एक, त्यावर मांस, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि शेजारी लिंबाची फोड. चीज नाही, सॅलडची पानं नाहीत. अल पास्तोर टाको मिळत असेल तर तोच घ्या. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजायची पद्धत आणली, मेक्सिकोने त्यावर डुकराचं मांस आणि लाल मिरचीचं वाटण चढवलं. छोट्या गावात सळई क्वचितच दिसते, मांस तव्यावरच परततात, पण मसाला तोच. वजडी आवडणाऱ्यांनी शनिवार-रविवार गाठावा. मेनुदो नावाचा वजडीचा लालभडक रस्सा बऱ्याच ठिकाणी त्या दोन दिवशीच असतो.

तिखटाच्या बाबतीतही टाकेरिया सरस. मोठ्या हॉटेलात बसल्याबसल्या फुकट येणारे चिप्स आणि साल्सा (टोमॅटोची चटणी) आपल्या जिभेला गोडसरच वाटतात. टाकेरियातल्या बाटलीतली लाल चटणी मात्र आधी थेंबभर चाखून बघा. ‘चिलेस तोरेआदोस’ मागितल्या तर तव्यावर भाजलेल्या, मीठ लावलेल्या अख्ख्या मिरच्या येतात. जेवणाला तोंडी लावायला आणखी काय हवं?

तरीही मोठ्या हॉटेलाला नाक मुरडू नये. पिवळं चीज आणि जिऱ्याचा वास म्हणजे ‘खरं मेक्सिकन नव्हे’ असं ऐकवणारे पुष्कळ भेटतात. पण टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता, आणि टेक्स-मेक्स, म्हणजे या हॉटेलांतलं टेक्सास वळणाचं मेक्सिकन जेवण, हे तिथल्याच मेक्सिकन वंशाच्या घरांमध्ये वाढलेलं खाणं आहे. दुपारी दोन-तीनपर्यंत लंच स्पेशल असतं: एक एन्चिलादा (सारण भरून गुंडाळलेली, सॉस घातलेली टॉर्टिया), एक टाको, बाजूला टोमॅटो घातलेला भात आणि घोटलेली राजम्यासारखी उसळ. भारतातून आलेले आईबाबा, लहान मुलं, स्वच्छतागृहाची निकड असं सगळं बरोबर असेल तर इथलं निवांत बसणं पैसे वसूल करतं. ऑर्डर टेबलावर घेतली जाते, त्यामुळे 15 ते 20 टक्के टिप धरूनच हिशेब करा. टाकेरियात काउंटरवरच्या डब्यात एखाद-दोन डॉलर टाकले तरी चालतं.

खरी अडचण शाकाहाऱ्यांची, आणि ती दोन्हीकडे आहे. ‘भात आणि बीन्स तरी चालतील’ या भरवशावर राहू नका. घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि एन्चिलाद्याच्या सॉसमध्येही तेच पाणी असू शकतं. मैद्याच्या टॉर्टियातही कधी चरबी असते. मक्याची टॉर्टिया त्यामानाने निर्धोक: चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ आणि पाणी, एवढंच. चीज भरलेली मोठी मिरची, म्हणजे चिले रेयेनो, छान लागते, पण तिचं वरचं आवरण अंड्याचं. नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. ‘मांतेका?’ (चरबी) आणि ‘काल्दो दे पोयो?’ (कोंबडीचं पाणी) असं नाव घेऊन विचारा. लोक खरं सांगतात, निदान मला तरी कधी कोणी या प्रश्नावर वैतागलेलं दिसलं नाही.

शाकाहाऱ्यांना निवड जास्त मिळते ती मोठ्या हॉटेलातच. भाज्यांची फाहिता (परतलेल्या भाज्यांच्या पट्ट्या, सोबत टॉर्टिया) तडतडत्या तव्यावर येते, चीज एन्चिलादा असते, ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी) असतं. टाकेरियात भाजलेल्या मिरचीच्या पट्ट्या घातलेली केसादिया (चीज घालून दुमडलेली टॉर्टिया) किंवा निवडुंगाचे, म्हणजे नोपालेसचे टाको मिळाले तर नशीब. शिवाय तिथे तवा बहुधा एकच असतो. आमच्यासारख्या शाकाहारी-मांसाहारी मिश्र गटाने मोठ्या हॉटेलात बसावं आणि मांसाहाऱ्यांनी निघताना टाकेरियातून दोन टाको बांधून घ्यावेत. तिथलं लाल सरबत, आग्वा दे हामायका, सगळ्यांसाठीच घ्या. ते लाल अंबाडीच्या बोंडांचंच असतं.

न्यू मेक्सिको राज्यातून जाणार असाल तर हिशेब थोडा बदलतो. तिथे लाल की हिरवी मिरची (म्हणजे मिरचीचा सॉस) हे आधी विचारतात. दोन्ही हवी असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. शाकाहाऱ्यांनी हिरवीला लगेच हो म्हणू नये, तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात.