अकरा महिने वापरलेलं इंग्रजीचं ॲप आणि ‘रिग्रेट’

वर्षाचे बाराशे भरून घेतलेल्या ॲपची मुदत पुढच्या महिन्यात संपते, म्हणून लिहिते. धडे, उजळणी, गुण कसे असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. घरी मराठी, बाजारात गुजराती आणि गिऱ्हाइकांना पत्रं इंग्रजीत. जूनमध्ये एकाला चुकीचं बिल गेलं. ॲपच्या कार्डावर ‘रिग्रेट : पश्चात्ताप करणे’ एवढंच होतं, त्या भरवशावर मी लिहिलं, ‘वी रिग्रेट टू सेंड यू द राँग बिल.’ लगेच फोन : “अजून कुठलं चुकीचं बिल पाठवताय, ताई?” फार लाजल्यासारखं झालं.

रात्री वडिलांचा हॉर्नबींचा कोश काढला. शिकणाऱ्यांसाठीचा हा कोश पहिल्यांदा १९४२ मध्ये जपानात निघाला. हॉर्नबी तिथे इंग्रजी शिकवत, त्यामुळे परक्याचं घोडं कुठे अडतं ते त्यांना कळत होतं. शब्दाचा अर्थ देऊन ते थांबत नाहीत, क्रियापदापुढे काय येतं तेही सांगतात. केलेल्या गोष्टीचं वाईट वाटतंय? मग ‘रिग्रेट सेंडिंग’. ‘रिग्रेट टू’ येतं ते वाईट बातमी देण्याआधी, पुढे ‘से’, ‘टेल’, ‘इन्फॉर्म’ असं काहीतरी. दोन ओळींचं काम होतं हे!

ॲप तेव्हाच काढून टाकणार होते. पण बोलण्याचा सराव करून पाहिला आणि मत थोडं बदललं. मी ‘रिग्रेट’मधलं ‘ग्रेट’ थोर या अर्थाच्या ‘ग्रेट’सारखं लांबवत होते. ते ‘नेट’सारखं आखूड हवं आणि जोरही त्यावरच हवा. ॲपने चार दिवसांत जिभेला वळण लावलं. हे कोशाने झालं नसतं.

तरी त्या कार्डाचा राग जात नाही. पश्चात्ताप पापाचा होतो. आजी आजारी असताना मी ग्वाल्हेरला गेले नाही, त्याची मला रुखरुख आहे. इंग्रजीत तीही ‘आय रिग्रेट नॉट गोइंग’. मराठीत रुखरुख आपल्याला लागते, इंग्रजीत ‘आय’ कर्ता होऊन बसतो. शिकवायचं ते हेच, आणि मराठी माणसासाठी म्हणून विकलेल्या ॲपमध्ये खंत, हळहळ, चुटपुट यांतला एकही शब्द नाही.

दोनदा कळवलं. कार्ड अजून तसंच आहे. बाराशे पुन्हा भरणार नाही. बोलण्याचा सराव फुकट भागात मिळतो, तेवढा ठेवते.