तन्मण्याच्या जोडीला दुधाळ हिरा

आईचा तन्मणी माझ्याकडे आला तेव्हापासून त्याच्यासोबत घालायला एक अंगठी हवी होती. लखलखणारा सॉलिटेअर मोत्यांच्या शेजारी आला की मोती मंद वाटायला लागतात, ते मला बघवत नव्हतं. शेवटी घेतला तो ०.८३ कॅरेटचा, ओव्हल आकाराचा, अस्सल नैसर्गिक दुधाळ पांढरा हिरा. आज चौदा महिने तो बोटात आहे. घेण्याआधी मला जे कळायला हवं होतं ते सगळं इथे लिहिते.

आधी फसता फसता वाचले. दादरच्या एका दुकानात ७० सेंटचा, म्हणजे ०.७० कॅरेटचा, खडा दाखवला. रंग जी (जवळजवळ बिनरंगी), स्वच्छता व्हीएस २ (आतले दोष भिंगातूनही जेमतेम दिसतील असे), सोबत सर्टिफिकेट, आणि भाव इतर दुकानांपेक्षा बराच कमी. काउंटरवरच्या दिव्यांखाली सुरेख दिसत होता. मी तो दाराशी नेऊन उजेडात धरला, तर चष्म्याच्या काचेवर वाफ धरावी तसा दिसला. विक्रेता म्हणाला, "धूळ असेल मॅडम," आणि कापडाने पुसून दिला. वाफ तशीच. सर्टिफिकेटवर याबद्दल कुठे शब्द नव्हता. फक्त तळाशी, शेऱ्यांच्या रकान्यात, एक बारीक ओळ होती: स्वच्छतेची श्रेणी आकृतीत न दाखवलेल्या 'क्लाउड्स'वरून, म्हणजे आतल्या बारीक कणांच्या पुंजक्यांवरून, दिली आहे. मी खडा परत ठेवला.

माझा मावसभाऊ सुरतेत हिऱ्यांची प्रतवारी करतो. त्याला फोन केला तर तो लगेच म्हणाला, "ताई, ती ओळ दिसली की खडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही." त्यांच्या धंद्यात 'नो बीजीएम' म्हणतात, म्हणजे तपकिरी, हिरवट आणि मिल्की छटा नसलेला माल. व्यापारी आपसात हे स्पष्ट लिहितात, विचारतात. डी ते झेड ही रंगाची मोजपट्टी पिवळेपणा-तपकिरीपणा सांगते. दुधाळपणाला तिच्यात अक्षरच नाही. म्हणून जी रंगाचा खडाही धूसर असू शकतो, आणि तो भाव पाहून भुलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो.

पण त्यानेच पुढे सांगितलेली गोष्ट माझ्या कामाची निघाली. अर्धवट धूसर खडा म्हणजे दोष. पूर्ण, एकसारखा, दाट पांढरा खडा मात्र वेगळाच. हिरे तपासून रिपोर्ट देणारी अमेरिकन संस्था जीआयए त्याला रंगीत हिऱ्यांच्या रिपोर्टवर 'फॅन्सी व्हाइट' म्हणते. पिवळ्या-गुलाबी हिऱ्यांना असतात तशा फिक्या-गडद श्रेणी त्याला नाहीत, एवढा एकच शिक्का. पांढरेपणा येतो तो आत विखुरलेल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. ते इतके लहान की दहापट भिंगातून एकेक वेगळा दिसत नाही. प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे पसरतो. पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाकून मागून टॉर्च धरा, समोरून उजेड नारिंगी दिसेल आणि बाजूने पाणी निळसर. काही दुधाळ हिऱ्यांत हाच खेळ चालतो.

ऑपेरा हाउसला एका छोट्या ऑफिसात त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने तीन पुड्या उघडल्या. त्याने दिवे लावले नाहीत, खिडकीपाशी पांढरा कागद पसरून खडे ठेवले, आणि शेजारी मुद्दाम एक स्वच्छ हिरा ठेवला. हे मला फार आवडलं. पहिला खडा मध्ये दाट, कडेला पाणीदार: नाकारला. दुसऱ्याला 'टेबला'खालीच, म्हणजे खड्याच्या वरच्या सपाट पैलूखाली, चीर होती. दुधाळपणाने हिरा कमकुवत होत नाही, पण पृष्ठभागापर्यंत आलेली चीर अंगठीत धोक्याची, कोंदण करतानाच तडकू शकतो. तिसरा काळ्या कापडावर निळसर चांदण्यासारखा दिसला, आणि उन्हाकडे धरल्यावर आत केशरी पेटला. तिथेच ठरलं.

रिपोर्टवर तीन गोष्टी तपासल्या: 'नॅचरल' हा शब्द, 'फॅन्सी व्हाइट' आणि रंगाची वाटणी 'ईव्हन'. गर्डलवर, म्हणजे खड्याच्या कडेच्या पट्टीवर, कोरलेला नंबर भिंगातून वाचून जीआयएच्या साइटवर जुळवला. हिरा ओळखायच्या खिशातल्या टेस्टरवर भरवसा ठेवू नका. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही हिराच असल्यामुळे टेस्टर त्यालाही होकार देतो. फरक लॅबच सांगू शकते.

किमतीचं म्हणाल तर, मला त्याच वजनाच्या स्वच्छ जी रंगाच्या खड्यापेक्षा बराच स्वस्त पडला. पण परत घेण्याची हमी व्यापाऱ्याने लेखी दिली नाही, आणि तसं तोंडावर सांगितलं. गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर घेऊ नका.

अंगठी गिरगावातल्या आमच्या जुन्या सोनारकाकांकडून १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात करून घेतली. त्यांना तन्मण्यासारखं मागून बंद कोंदण करायचं होतं. मी उघडी पाठ मागितली. बंद केलं असतं तर मागून उजेड शिरलाच नसता, केशरी झाक गेली असती, आणि खडा नुसता पांढरा ठिपका दिसला असता. काकांनी दोन दिवस विचार केला, चार नख्यांवर खडा उचलून धरला आणि घडणावळ तेवढीच घेतली.

उणिवा आहेत. लग्नाच्या हॉलमधल्या दिव्यांत तो चमकत नाही. चारातले तिघे "मूनस्टोन का?" विचारतात. हाताला तेल लागलं की आणखी मंद होतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. चमक हवी असेल तर हा तुमचा हिरा नव्हे.

भाच्याच्या मुंजीला पहाटेच निघाले, गळ्यात तन्मणी, बोटात ही अंगठी. लोकलच्या खिडकीतून कोवळं ऊन हातावर आलं आणि खडा पेटला. समोर बसलेल्या आजींनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि माटुंगा येईपर्यंत सोडला नाही.