सुट्या पानांचा ग्रीन टी: जाळीचा गोळा, मगातली गाळणी की छोटी किटली?

सुट्या पानांचा ग्रीन टी आणलाय आणि कशात करायचा ते ठरत नसेल तर आधी सांगते, साखळीवाला तो जाळीचा गोळा घेऊ नका. पानं भिजली की चांगलीच फुगतात आणि गोळ्यात एकमेकांवर दाबून बसतात, मग कडेच्या पानांचाच अर्क उतरतो आणि मधली तशीच राहतात. चहा फिका वाटतो म्हणून आपण अजून ५ मिनिटं ठेवतो आणि हाती येतं ते कडू पाणी. मी कितीतरी दिवस हेच करत होते, आणि दोष मात्र पानांना देत होते.

मगात बसणारी खोल, रुंद गाळणी त्यापेक्षा खूपच बरी. पानं मोकळी सुटतात आणि वेळ झाली की गाळणी उचलून बाजूला ठेवायची, बस. २०० मिली पाण्याला साधारण ३ ग्रॅम पानं पुरतात, पण ती चमच्याने मोजू नका, ग्रीन टीच्या प्रकारांत चीनची लॉन्गजिंग चपटी आणि फुगीर असते, चमच्यात कमी मावते, जपानी सेन्चा सुईसारखा बारीक, तो जास्त मावतो. छोटा वजनकाटा असेल तर काढाच.

किटलीची मजा कळते त्याच पानांवर ओतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला. सेन्चा करत असाल तर पहिलं पाणी ७०-७५ अंशाचं, १ मिनिट, दुसरं जेमतेम १५-२० सेकंद कारण पानं आता उघडलेली असतात, आणि दोन्ही कपांची चव वेगळी लागते. फक्त दरवेळी शेवटच्या थेंबापर्यंत ओतायचं, थोडं जरी पाणी आत राहिलं तरी पानं त्यात मुरत राहतात आणि पुढचा कप तुरट होतो. तयार करतानाच जास्त वाफवलेल्या सेन्चाचा चुरा असतो, त्याला किटलीची जाळी बारीकच हवी. म्हणजे निवांत बसून दोन-तीन कप पिणार असाल तर किटली, कामाच्या गडबडीत एकच कप हवा असेल तर गाळणी.

भांडं कुठलंही घ्या, उकळतं पाणी ओतलंत तर सगळंच वाया, कारण कडू-तुरट कॅटेचिन्स आणि कॅफीन गरम पाण्यात भराभर उतरतात, गोडसर चव देणारं थिअनिन मात्र कमी गरम पाण्यातही छान उतरतं. थर्मामीटर नसला तरी चालतं, उकळलेलं पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की दरवेळी साधारण १० अंश उतरतं. लॉन्गजिंगला ८० अंश चालतात.

आणि यातलं काहीच नको असेल तर १ लिटर गार पाण्यात १० ग्रॅम पानं टाकून बरणी ५-६ तास फ्रीजमध्ये ठेवा, मग गाळून घ्या, कडवटपणा जवळजवळ नसतोच.

गाळणी घ्यायचं ठरलं तर ती मगाच्या तळाजवळ पोचते ना ते बघून घ्या, उथळ असेल तर अख्खा मग काठोकाठ भरल्याशिवाय पानं भिजतच नाहीत.