सीटीआरआय वेबसाइट: ट्रायलच्या फॉर्मवर सही करायच्या आधी उघडाच

आमच्या मावशीला एका हॉस्पिटलात नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये घेतो म्हणाले, हातात कन्सेंट फॉर्मची चळत आणि तीही सगळी इंग्रजीत, मावशी नुसती चष्मा पुसत बसली. रात्री मी सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, उघडलं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची ही देशातल्या ट्रायलची नोंदवही २० जुलै २००७ पासून चालू आहे, एकदम फुकट, बघायला लॉगिनची भानगड नाही. ट्रायलचा नंबर, कुठले पेशंट घेणार कुठले नाही, पैसा कोणाचा, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित जपलं जातंय का ते बघणारी समिती) मंजुरी आहे का, आणि शंका विचारायला कोणाशी बोलायचं तेसुद्धा तिथे दिसतं. १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते, मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, नाहीतर फसलेली ट्रायल गुपचूप गायब झाली तरी कोणाला पत्ता नाही! या नोंदी डब्ल्यूएचओच्या जागतिक यादीतही जातात, आपल्यासारख्या देशाने हे उभं केलं याचं खरंच कौतुक आहे. फक्त माहिती मराठीतही हवी, अगदी कळकळीने सांगते.

सकाळी मावशीनेच डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या ट्रायलचा सीटीआरआय नंबर काय हो?"