भुतांच्या खेळांतून पियानो: घोडबंदर रस्त्यावरील एक वर्ग
ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील ज्या पियानो वर्गात माझी मुलगी जाते, तेथे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनचे निमित्त साधून महिनाभर खेळांतून शिकवले जाते. सजावट यथातथाच, पण खेळांची आखणी विचारपूर्वक केलेली आहे. फरशीवर चिकटपट्टीने आखलेल्या, पाश्चात्त्य स्वरलिपीतल्यासारख्या पाच रेषांवर मुले कागदी वटवाघूळ टाकतात आणि ते ज्या रेषेवर किंवा जागेत पडेल, तो स्वर पियानोवर वाजवतात. त्यामुळे ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे उंच स्वरांच्या लेखनात, सर्वांत खालच्या रेषेवर ई येतो, हे घोकावे लागत नाही. सी-ई-जी या मेजर त्रिकातील (एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरांतील) ई सोडून त्याच्या डावीकडची काळी पट्टी, म्हणजे हार्मोनियमवाल्यांची ‘काळी दोन’, दाबली की तेच त्रिक मायनर होते, आणि तो उदास बदल ऐकताच मुले ‘भूत आलं!’ म्हणून ओरडतात. मेजर-मायनरचा भेद याहून सोप्या रीतीने शिकवलेला मी तरी पाहिलेला नाही. मात्र जिंकण्याच्या घाईत बोटांची ठेवण बिघडते, मनगटे खाली पडतात आणि त्याकडे शिक्षिकांचे पुरेसे लक्ष नसते. स्वरलिपीचे वाचन कच्चे असलेल्या मुलांना येथे अवश्य पाठवावे; परीक्षेच्या तयारीसाठी मात्र वेगळा तास मागून घ्यावा.