त्रेक्कानीची ऑनलाईन इटालियन डिक्शनरी: एक 'फ्रेगारे' शोधून बघा

इटालियन शिकताय आणि बेसिकच्या पुढे सरकलाय ना, मग त्या ॲपवाल्या एकशब्दी अर्थांवर अवलंबून राहू नका, सरळ त्रेक्कानीचं 'व्होकाबोलारिओ' उघडा. फुकट आहे. १९२५ मध्ये इटालियन विश्वकोश काढायला रोममध्ये जी संस्था निघाली तिचंच हे काम, त्यामुळे माल अस्सल.

आता फ्रेगारे हे क्रियापद घ्या. मी आधी वापरायचो त्या ॲपमध्ये अर्थ काय तर 'घासणे', विषय संपला. आणि समोरचा म्हणतोय 'मी आन्नो फ्रेगातो इल पोर्ताफोल्यो', तर काय पाकीट घासलं त्याचं? अहो पाकीट ढापलंय! आणि नुसतं 'मी आई फ्रेगातो' म्हणाला तर गंडवलंस मला.

त्रेक्कानीत नोंदीच्या सुरुवातीलाच कंसात लॅटिन मूळ दिलंय, फ्रिकारे, म्हणजे चोळणे. इंग्रजीतलं फ्रिक्शन त्याच घराण्यातलं, इटलीत टूथपेस्टला देन्तिफ्रीचो म्हणतात त्यात दात आणि हेच चोळणं, आणि गाडीच्या क्लचला फ्रित्सिओने म्हणतात तेही इथलंच. मग फरशी घासणे, डोळे चोळणे असे साधे अर्थ आणि त्यानंतर बोलीतले फसवणे, चोरणे वगैरे. हा क्रमच मला आवडतो कारण शब्द कुठून कुठे गेला ते आपोआप दिसतं. एक गंमत म्हणजे आपण हात चोळत बसतो ते संधी गेल्यावर, इटालियन माणूस हात चोळतो (फ्रेगार्सी ले मानी) ते खूश झाल्यावर 😄

आणि मग येतं फ्रेगार्सेने, म्हणजे फिकीर न करणे. 'की से ने फ्रेगा' म्हणजे 'कोणाला पडलीये', रोज कानावर पडतं पण सासूबाईंसमोर नको. 'मे ने फ्रेगो' तर त्याहून जपून, मुसोलिनीच्या फासिस्ट टोळ्यांची ती घोषणा होती. त्यावरूनच मेनेफ्रेगीझ्मो असं नाम झालं, बेफिकिरीची वृत्ती, त्याची वेगळी नोंद आहे तीही वाचा.

खटकणारं एकच, सगळं इटालियनमध्ये. इंग्रजीचा आधार शून्य आणि संक्षेपांचा मारा, 'व्ही. टीआर.' म्हणजे सकर्मक क्रियापद हे आपणच ओळखायचं. पूर्ण रूपावली पण नाही, फक्त 'फ्रेगो, फ्रेगी' एवढं, पण त्यात ए वर खूण असते त्यामुळे उच्चार कळतो आणि फ्रेगी लिहिताना मध्ये एच घालायचा हेही दिसतं, नाहीतर वाचणारा 'फ्रेजी' वाचेल.

अजून खोलात जायचं असेल तर फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने १६१२ पासूनचे आपले जुने कोश नेटवर टाकलेत, पण तिथली इटालियन वाचताना माझा तरी घाम निघतो. नवशिक्यांनी आधी त्रेक्कानीच उघडा, पाचपैकी चार स्टार.